नेश माणूस

इंग्लंडातल्या आमच्या बर्स्लेम गावात माणसाला एकवेळ चोर म्हणा, पण ‘नेश’ म्हणू नका. नेश म्हणजे ज्याला जरासा गार वारा सोसत नाही असा. वर्ननचा सगळा जन्म चिनी मातीच्या भट्ट्यांत गेला. धगीत भांडी रचायची, धगीतूनच काढायची. काम सुटल्यावर त्याला ऐन जूनमध्येही हुडहुडी भरायची. पण कबूल करेल तर शपथ!

त्यात गल्लीतल्या विधवा हेटीवर जीव जडला. सत्तरीत जडू नये असं कुठं आहे? हेटीचा नवरा आर्नल्ड खाणकामगार होता, डिसेंबरात सदऱ्याच्या बाह्या दुमडून हिंडायचा. अख्ख्या गल्लीला त्याचं कोण कौतुक! त्याच्या जागी आपल्यासारखा कुडकुड्या तिला कसा चालणार, या धास्तीनं वर्नननं आज कोट घरीच ठेवला. आज तो तिला लग्नाचं विचारणार होता.

रविवारची सकाळ, ओटच्या पिठाची धिरडी, म्हणजे ओटकेक, विकणारीच्या खिडकीपुढं रांग, रस्त्यावर दहिवर गोठलेलं. पुढं हेटी, मागं वर्नन. तेवढ्यात गल्लीतलाच सिरिल मफलर गुंडाळून आला.

“काय रे, नेश झालास की काय?” कुणीतरी ओरडलं. रांग खिदळली. वर्नन सगळ्यांत मोठ्यानं हसला, दात मात्र वाजत होते.

हेटी हसली नाही. “हजार वर्षांचा शब्द आहे तो. मूळ अर्थ मऊ, कोवळा. माझी आजी ताज्या पावाला नेश म्हणायची, नुकत्याच जन्मलेल्या कोकराला म्हणायची. तुम्ही बाप्यांनी त्याचा टोमणा केलात.” मग तिनं वर्ननकडं नीट पाहिलं. “ओठ निळे पडलेत. कोट कुठाय?”

“मला नाही लागत.”

“खोटं!”

“आर्नल्डला कुठं लागायचा?” वर्ननच्या तोंडून निसटलं.

हेटीनं शालीची गाठ सोडली. “नाही लागायचा. तापानं फणफणला होता, तरी तसाच बाहेर पडला. ‘मी काय नेश आहे?’ म्हणाला. त्याच आठवड्यात गेला.”

तिनं स्वतःची शाल काढली आणि सगळ्या रांगेदेखत वर्ननच्या गळ्याभोवती गुंडाळली.

“गल्लीनं कौतुक केलं, घर माझं रिकामं झालं. न कुडकुडणारा एक पुरून झालाय माझा, वर्नन. दुसरा नको. कधीचा घुटमळतोयस ते कळतंय मला. जा, कोट घालून ये, आणि मग विचार.”

रांगेतली जागा सोडून वर्नन घराकडं निघाला. सत्तरीचा म्हातारा, पण अक्षरशः पळत सुटला.