गाठ डिवचली की

परशुरामचं पत्र १९९४ च्या मार्चमध्ये आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर मी ठाण्याच्या एका साप्ताहिकात लिहीत असे. कर्करोगावरच्या लेखात, निव्वळ वाक्य सजावं म्हणून, मी लिहिलं होतं, ‘गाठ डिवचली की कर्कपेशी पांगतात.’ चेंदणी कोळीवाड्यातून परशुरामनं विचारलं, ‘आईची गाठ माझ्या सहीनं कापली. सहा महिन्यांत फुप्फुसात निघालं, ती गेली. मग वाड्यात कुणी तुमचा लेख वाचून दाखवला. सर, आईला मीच मारलं का?’

वाक्य खोटं होतं. तसं कळवायचं तर चूक कबूल करावी लागणार होती. अजून एक संदर्भ पाहू, असं म्हणत मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं. दोन वर्षं.

आज सकाळी त्याची बहीण मालू नौपाड्यात माझ्या दारात उभी राहिली. मासळीची पाटी जिन्यातच ठेवलेली.

“लिवनारे सर तुमीच?”

“हो... या, बसा ना.”

“बसाया नाय आले. माझ्या छातीत गाठ हाय. डॉक्टर म्हनतो, लगेच काढ. भाऊ म्हनतो, सुरी लागू देनार नाय.” तिनं लेखाचं फाटकं कात्रण पुढे धरलं. “ह्ये त्याच्या खिशातून निघत नाय, आज चोरून आनलं. दोन वर्सांत तुमचं एक कार्ड नाय? शाई म्हाग झाली?”

“मी येतो, समजावतो त्याला,” मी पुटपुटलो.

“तुमचा आवाज हितं मला ऐकू येत नाय, वाड्यात कोन ऐकनार? लिवा. आमच्यात टपाल आलं की सगल्यांम्होरं वाचतात. खोटं वाचलं, तसं खरं वाचू दे.”

ती गेली आणि मी कागद पुढे ओढला. संतापानं. त्यांच्या आईच्या डॉक्टरला सही घ्यायला वेळ होता, दोन वाक्यं समजावून सांगायला नव्हता! आणि मी? माझ्याकडे तर वेळच वेळ होता.

लिहिलं: ‘परशुराम, ते वाक्य चूक होतं. चूक माझी. निरोगी पेशी आसपासच्या पेशींच्या निरोपांवर जगते. जागेवरून सुटली की निरोप थांबतो आणि ती आपणहून मरते. कर्कपेशी मात्र “जग” आणि “चल” हे निरोप स्वतःलाच देत राहते. म्हणून ती सुटूनही तगते, रक्तातून दूर जाते. त्यासाठी तिला कुणी डिवचावं लागत नाही. आईच्या पेशी सुरी लागण्याआधीच निघाल्या असाव्यात.’ इथे थांबलो. ‘असाव्यात’ खोडून ‘होत्या’ केलं. सहा महिन्यांत एवढं होतं ते आधी निघाल्याशिवाय नाही. ‘तू आईला मारलं नाहीस. मालूची गाठ जितकी राहील तितका त्या पेशींना वेळ मिळेल. तिला उद्याच घेऊन जा.’

पाकिटात घातलं, पुन्हा काढलं. मग तेच ठळक अक्षरांत तीन पोस्टकार्डांवर उतरवलं, कार्डांना एक, दोन, तीन असे आकडे घातले, खाली माझं पूर्ण नाव. पोस्टमनपासून सगळ्यांनी वाचावं.

गोखले रोडवरच्या लाल पेटीत तिसरं कार्ड फटीशी अडकलं. बोटानं आत ढकललं.