फिकट नमुने

काचपट्टीवरच्या तुकड्याची कड तपकिरी होती. ती तपकिरी कड जेमतेम अर्धा मिलिमीटर रुंद. आत सगळं फिकट.

चिझुरु ओरिहाराने सूक्ष्मदर्शकातून मान वर केली. पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारा संदेश चालू असला की तपकिरी रंग चढतो, बंद असला की नाही. लहान आतड्याचा कर्करोग मुळातच विरळा; सहा वर्षांत एकेचाळीस नमुने जमले होते आणि त्यातले एकोणीस फिकट होते. तो संदेश अडवणारं औषध अशा रुग्णांना देऊ नये, असा प्राध्यापक कुझुमींचा निष्कर्ष होता. तसा लेख पाठवायला तीन आठवडे ते तिच्या होकारासाठी थांबले होते.

वय, लिंग, गाठीची जागा, सगळं लावून झालं. मेळ बसला तो भलत्याच रकान्यात: नातेवाईक. एकट्या रुग्णांचे नमुने तपकिरी, भरल्या घरातल्यांचे फिकट. पेशीला घरची माणसं कशी कळणार?

“नुकागा-सान, हे तुम्हीच बघा.”

तीस वर्षं नमुने रंगवणाऱ्या नुकागाबाईंनी यादी वाचली. “म्हणजे सासू वॉर्डात आली की पेशीसुद्धा गप्प बसतात.”

“थट्टा नको. माझं डोकं चालेनासं झालंय. नोंदीत तर सगळीकडे ‘लगेच फॉर्मालिनमध्ये’ लिहिलंय.”

“लगेचच. घरच्यांना दाखवून झालं की लगेच.”

“आणि तोवर?”

“तोवर ताटलीत. सगळे जमल्याशिवाय सर्जन गाठ दाखवत नाहीत. आमच्या ह्यांच्या वेळी आम्ही नऊ जण होतो. थोरले दीर गाडी लावायला जागा शोधत बसले, तासभर गेला.”

चिझुरुने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नमुना आहे तसा टिकवणारं फॉर्मालिन आधी कडेला पोचतं. कडेचा संदेश टिकला होता. आतला वाट बघता बघता पुसून गेला होता. पण एकोणिसांपैकी खरोखर गप्प किती आणि ताटलीत गप्प झालेले किती? ते आता कशावरूनच सांगता येत नव्हतं. आणि त्यांतले सात जण अजून हयात होते.

दार ढकलून कुझुमी आत आले. “ओरिहारा-सान, आज तरी बोला. संपादक मलाच विचारतायत, तुमची सहकारी झोपली का म्हणून. पाठवायचा ना लेख?”

नुकागाबाई काचपट्ट्या पुसू लागल्या.

चिझुरु उठून उभी राहिली.

“नाही, सेन्सेई. लेख पाठवायचा नाही. आणि त्या सातही जणांना पुन्हा तपासणीला बोलवायचं.”