बाबुरावांची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आधीच कबूल करते, माझ्यासारखी शिष्ट खुर्ची तुम्ही पाहिली नसेल. सहा जणींच्या संचातली मी एक. खोपटच्या एका सुताराने आम्हाला सागवानात घडवलं, पाठीवर वेलबुट्टी कोरली, पॉलिश केलं आणि ठाण्यातल्याच एका सोसायटीत, सातव्या मजल्यावरच्या मधुकाकांच्या घरी पोचवलं. जेवणाच्या टेबलाभोवती आमचा काय थाट होता! पाहुणे आमच्या पाठीवरून हात फिरवायचे. मधुकाकांच्या सूनबाई चित्राताई दर रविवारी तेलाचं बोट लावून आम्हाला पुसायच्या. घरी कामाला येणाऱ्या जयाबाई मात्र चहा प्यायला जमिनीवर बसायच्या. आम्ही सहाच्या सहा रिकाम्या असलो तरी. मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, उलट बरंच वाटायचं. आज हे सांगताना लाज वाटते.

पुढे घरात काचेचं टेबल आलं. माझ्या पाच बहिणी नातेवाइकांकडे गेल्या. माझा एक पाय खिळखिळा झालेला, म्हणून मला कुणी नेईना. मग चित्राताईंनी मला खाली गेटवर पाठवलं.

"बाबुराव, घ्या ही. बिनधास्त बसा. दिवसभर उगाच उभे असता," त्या वॉचमनना म्हणाल्या.

मी मनातल्या मनात नाक मुरडलं. सागवानी खुर्ची आणि गेटवर!

बाबुराव शीळफाट्याहून बसने यायचे. पन्नाशी उलटलेला शांत माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उलटं केलं, पायात पाचर ठोकली आणि सुतळीने तो घट्ट आवळला. गाडी आली की उठायचं, गेट उघडायचं, सलाम करायचा, पुन्हा बसायचं, असा त्यांचा बारा तासांचा दिवस. बसण्याआधी ते नेहमी माझ्या पाठीवर हात टेकायचे, जणू मला विचारूनच बसायचे. माझा शिष्टपणा कधी गळून पडला, मला कळलंच नाही. अशी आम्ही सहा वर्षं काढली.

मग सोसायटीला नवा रंग लागला, नवं गेट आलं, गेटवर कॅमेरा आला. एका रविवारी पार्किंगमध्ये मीटिंग होती. बसायला खुर्च्या कमी पडल्या.

"बाबुराव, तुमची आणा ना," कुणीतरी म्हणालं.

त्यांनी मला पुसून आणून ठेवलं. माझ्यावर सेक्रेटरी सलिल बसले आणि बसल्या बसल्या म्हणाले, "गेटवर ही मोडकी खुर्ची नको यार. येणाऱ्याला पहिलं हेच दिसतं. आणि वॉचमन बसला की डुलक्या काढतो. उभा असला की अलर्ट राहतो."

"पण बारा तास?" चित्राताई म्हणाल्या.

"अहो, बाजूच्या टॉवरमध्ये सगळे उभेच असतात. आपणच लाडावून ठेवलंय."

हात वर झाले. चित्राताईंचा हात अर्धा वर गेला, थांबला, मग पूर्ण वर गेला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. निदान आत्ता तरी माझा तो पाय मोडावा, असं मला फार वाटलं. पण बाबुरावांनी तो इतका पक्का बांधला होता की जरासुद्धा हलला नाही.

जाताना चित्राताई त्यांच्यापाशी थांबल्या. "वाईट वाटून घेऊ नका हं, बाबुराव. नियम म्हणजे नियम."

"नाही ताई. त्यात काय एवढं."

तेव्हापासून मी मीटर रूममध्ये आहे. जाळीच्या दारातून मला गेट दिसतं. बाबुराव एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत उभे असतात. एकदा ते जयाबाईंना सांगत होते, "पायाच्या शिरा फुगल्यात. मेघना ओरडते, पप्पा, उभे नका राहू. आता तिला काय सांगू? पोरीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं होईपर्यंत नोकरी टिकली पाहिजे."

"कमिटीला सांगून बघा की."

"सांगितलं की दुसरा आणतील. उभा राहणारा."

परवा मधुकाका डॉक्टरकडे जायला खाली आले. आता ऐंशी ओलांडलीय त्यांनी. रिक्षा येईना.

"बाबुराव, एखादी खुर्ची मिळेल का हो? गुडघे दाद देत नाहीत."

बाबुरावांनी खिशातून मीटर रूमची किल्ली काढली, मला बाहेर आणलं, धूळ पुसली. मधुकाका बसले आणि चटकन माझ्या पाठीवरच्या वेलबुट्टीकडे वळून बघायला लागले. "अरे, ही तर आमचीच!" मग त्यांची नजर खाली गेली. "तुमचे पाय केवढे सुजलेत! तुम्हीही टेका की त्या कट्ट्यावर."

"नको काका. कॅमेरा आहे."

मधुकाकांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. "मी बोलतो सलिलशी," ते म्हणाले. तेवढ्यात रिक्षा आली. ते अजून बोललेले नाहीत. विसरले असतील, वय झालंय.

बाबुरावांनी मला परत आत नेलं. मीटर रूममध्ये कॅमेरा नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात टेकला, अगदी पूर्वीसारखा. माझा जीव हरखून गेला. बसा बाबुराव, एक मिनिट तरी बसा, मी आतल्या आत म्हणत होते. गेटवर हॉर्न वाजला. त्यांनी हात काढून घेतला, दाराला कुलूप लावलं आणि लंगडत निघून गेले.

मित्रांनो, आपली कहाणी संपली की जुन्या वस्तू म्हणतात, आमची निगा राखा. मला पॉलिश नको, तेलाचं बोटही नको. मला चार पाय आहेत, पण स्वतःहून गेटपर्यंत जाता येत नाही. माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो की नाही, तेही माहीत नाही. तुमचा चेंडू या दारावर आपटतो तेवढा मला ऐकू येतो. पोचला असेल, तर उद्या खेळायला उतराल तेव्हा बाबुरावांकडे किल्ली मागा. मला उचलून त्यांच्या मागे नेऊन ठेवा आणि म्हणा, बसा. ते नको म्हणतील. कॅमेऱ्याकडे बघतील. तुम्ही तिथून हलू नका.