चार महिने दहा दिवस

खोटं बोलायला मीच सांगितलं होतं, हे आधी सांगून टाकते. नवऱ्याच्या माथी मारून मला मोकळं व्हायचं नाही.

माझा नवरा महादू नवापूरचा तांडेल, म्हणजे होडी चालते ती त्याच्या शब्दावर. त्रेसष्ट सालच्या भाद्रपदात होडी एक माणूस कमी घेऊन परत आली. आमचा खलाशी दाऊद पाण्यात पडला होता. महादूनं त्याचा हात धरला, तेवढ्यात लाटेनं त्याचं डोकं होडीवर आपटलं, हात सुटला आणि दाऊद डोळ्यांदेखत खाली गेला. बाकीचे दोघे शिडाशी झुंजत होते, त्यांनी काही पाहिलं नाही. हे सगळं महादूनं मला चुलीपाशी बसून सांगितलं. भिंतीपलीकडे दाऊदची बायको रुकिया सहा दिवसांची बाळंतीण होती.

"आत्ता नको सांगू," मी म्हटलं. "तिचं दूध आटंल. पडल्यावर दिसला नाय, एवढंच बोल. दुसऱ्या होडीनं काढला आसंल, बोल."

आमच्या कोळ्यांत समुद्रात गेलेल्याला लगेच मेला म्हणत नाहीत. मढं मिळालं नाही तर काही दिवसांनी पिठाचा पुतळा करून जाळतात, तोवर बायकोच्या हातात बांगड्या राहतात. मला वाटलं, त्यांच्यातही असंच काहीतरी असेल, वेळ आली की त्यांचे लोक बघतील. त्यांच्यात पुतळा नसतो हे मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. एवढी मी शहाणी!

मग तीन वर्षं गेली. सातपाटीची, दमणची होडी लागली की रुकिया पोरीला कमरेवर घेऊन किनाऱ्यावर हजर. "कोन सापडला का वो?" सुरुवातीला रडून विचारायची. पुढे पुढे मिठाचा भाव विचारावा तसं विचारायची. मी शेजारी बसून बोंबील वाळत घालायची. रोज वाटायचं, आज सांगावं. मग वाटायचं, काल का नाही सांगितलं असं ती म्हणाली तर? त्यानंतर वाटायचंही थांबलं.

सहासष्ट साली तिचा भाऊ अब्बास बोईसरहून आला. तिथल्या अणुवीज प्रकल्पाच्या बांधकामावर गवंडी होता. त्यानं तिच्यासाठी एक स्थळ आणलं होतं. पालघरचा वकील त्याला म्हणाला होता, माणूस सात वर्षं बेपत्ता असला तर तो मेला असं कोर्ट धरतं, आणि चार वर्षं झाली तर बायकोला काडीमोड मागता येतो.

"काडीमोड कोनापासून घेऊ?" रुकिया म्हणाली. "जिता हाय तर मी त्याची बायको. मेला आसंल तर रांड. मी कोन, तेवढं मला सांगा. लगीन मंग बघू."

म्हणून ती तारापूरला काझीसाहेबांकडे गेली. काझीसाहेबांनी महादूला बोलावणं धाडलं, त्याच्याबरोबर मीही गेले. ओटीवर जमातीची चार माणसं बसली होती. एक म्हातारा कुरकुरला, "हा कोळी. याची साक्ष कशी चालेल?"

"समुद्रात दुसरा साक्षीदार मी कुठून आणू?" काझीसाहेब म्हणाले. "मला खरं बोलणारा माणूस पाहिजे. तांडेल, तुमच्या देवाला स्मरून सांगा. काय पाहिलंत?"

महादूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यानं सगळं सांगितलं. हात, डोकं, पाणी. "दोन हातांवर होता," म्हणाला. "वर आला नाय. मी बगितला."

रुकिया रडली नाही. किंचाळली असती, माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मंग आता मला इद्दतीला बसाया पायजे. चार महिने दहा दिवस." विधवेनं साजशिणगार टाकून, घरात राहून दुःख करायचा त्यांचा तो काळ.

काझीसाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "नाही, बेटी. इद्दत मौतीच्या दिवसापासून मोजतात, खबर मिळाल्या दिवसापासून नाही. तुझी केव्हाच संपली. तू मोकळी आहेस. निकाह कर, नको असेल तर करू नकोस. तुझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही."

निवाडा चोख होता. तीन वर्षांत तिला कुणी दिला नव्हता तो न्याय त्या ओटीवर अर्ध्या तासात मिळाला. मला मात्र काहीच वाटेना. भूक लागलीय का, तेही कळत नव्हतं.

परतताना महादू आणि अब्बास पुढे चालत होते. रुकिया माझ्या बरोबरीनं चालत होती. तिनं विचारलं, "जमनाबाय, माजे ते चार महिने कंदी झाले?"

मी बोटांवर मोजलं. "भादव्यापासून. पौषात सरले."

"म्हंजे मदी दिवाळी आली."

"आली."

"त्या दिवाळीला कासारीन आलेली. मी नको नको बोललेली."

मला आठवलं. दाऊद येईल तेव्हा हात मोकळे दिसायला नकोत, असं म्हणून मीच तिला कासारणीच्या पुढ्यात बसवलं होतं. हिरव्या बांगड्या. कासारणीला वेळ नव्हता म्हणून डाव्या हातात मीच भरल्या होत्या. आणि आम्ही दोघी कशावरून तरी हसलो होतो.

रुकिया रस्त्यातच थांबली आणि तिनं त्यातल्या दोन बांगड्या अजून उरलेला डावा हात माझ्यापुढे धरला.

"काढ," म्हणाली. "तूच भरल्यास."