आयुधपूजेला दिलेली विश्रांती

प्रेमाक्कांच्या हाताखाली शिकायला मिळणं म्हणजे नशीब, असं बंगळुरूच्या त्या प्रयोगशाळेत सगळेच म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. नव्या पोरापोरींना जयनगरच्या घरी बोलावून त्या चित्रान्न खाऊ घालायच्या, रडणाऱ्याला रडू द्यायच्या आणि मग कामाला जुंपायच्या. निवृत्तीआधीची त्यांची शेवटची विद्यार्थिनी म्हणजे निपाणीची प्रणिता. भाजलेल्या जखमेवर लावायचा पॉलिमरचा पातळ पडदा तिनं बनवला होता, आणि त्यावर त्वचेच्या पेशी जगतात का, ते ती पाहत होती. आधीचे सगळे पडदे फसले. या खेपेला पेशींनी जीव धरला होता. दिवाळीपर्यंत त्या टिकल्या तर शिष्यवृत्ती वाढणार होती, नाहीतर पोरीचं संशोधन तिथंच संपणार होतं.

दसऱ्याला घरी जायला ती तयारच नव्हती. पेशींना अंगाइतकी ऊब देणारं कपाट सोडून तिचा पाय निघेना. तिकडे आई फोनवर रडत होती आणि इकडे ही. शेवटी प्रेमाक्कांनीच दटावलं, "जा गं मुकाट्यानं. मी आहे ना."

आता आयुधपूजेचं इथं केवढं प्रस्थ! रिक्षापासून लिफ्टपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा. प्रयोगशाळेतही यंत्रं पुसायची, कुंकू लावायचं आणि आयुधांना विश्रांती म्हणून एकेकाचं बटण बंद करायचं. हा मान वर्षानुवर्षं प्रेमाक्कांचा. जे चालू ठेवायचं त्यावर चिठ्ठी चिकटवायची, एवढा साधा नियम. फ्रीजवर चिठ्ठी होती. प्रणिताच्या कपाटावर नव्हती. त्याला अक्कांनी सगळ्यांत मोठी माळ घातली, पोरीला यश दे म्हणून डोळे मिटून हात जोडले, आणि सवयीनं बटण बंद करून त्या पुढच्या यंत्राकडे वळल्या.

सुटी संपल्यावर त्यांनी सहज कपाटाला हात लावला तर ते थंडगार. भिंगाखाली पाहिलं, एकही पेशी जिवंत नव्हती.

तेवढ्यात प्रणिता आलीच, बसमधून उतरून थेट, खांद्याला पिशवी. वाकून नमस्कार केला आणि आपट्याची पानं अक्कांच्या हातात ठेवली. "सोनं घ्या अक्का, सोन्यासारखं राहा."

"माझ्या हातून कपाट बंद झालं, प्रणिता. सगळं गेलं."

पोरीनं कपाट उघडलं, पाहिलं, हळूच लावून घेतलं. मी शिष्यवृत्तीच्या समितीपुढे उभी राहते, पाया पडते, असं अक्का बोलत राहिल्या. पण समिती थांबत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्या स्वतःच कितीदा तिथं बसून नाही म्हणाल्या होत्या. प्रणिता सुकलेली माळ काढत होती. अक्कांना राहवेना.

"एक चिठ्ठी का नाही गं लावलीस?"

पोरीच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता.

"तुम्ही होतात ना, अक्का."