कोपऱ्यातला देव

हरिश्चंद्र धुरींना जगात फार थोडी माणसं आवडायची, आणि कॉम्प्युटर तर माणूसही नव्हता. मुंबईच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढून ते कोकणात आपल्या गावी, धामापूरला येऊन बसले. मस्कतला नोकरी करणाऱ्या मुलाने, विनीतने, मे महिन्याच्या सुट्टीत हे धूड घरात आणून ठेवलं. रविवारी दुपारी आईला आपलं तोंड दिसावं, एवढाच त्यात हेतू.

पण यंत्र एक नंबरचं आगाऊ. बातम्या वाचायला बसावं, तर खालच्या उजव्या कोपऱ्यातून 'टुंग' करून पिवळा फुगा वर यायचा. नवीन अपडेट आले आहेत, आता घेता की नंतर? हरिश्चंद्र 'नंतर' दाबायचे. घटकाभराने स्वारी पुन्हा हजर.

"मेल्या, एकदा नको म्हटलां मा तुका?" ते काचेवर खेकसायचे. "माझ्या टेबलाकडे शिपाय असो परत परत इलो आसतो, तर बदलीच केली आसती तेची!"

जवळच्या कट्टा गावात कॉम्प्युटर क्लास चालवणारा पुतण्या विकी फोनवर म्हणाला, "काकानू, सेटिंगमधून ता बंद करूचा लागात. मी येवन करून देतंय." सुरुवातीचे काही रविवार विनीतला पडद्यावर जोडून द्यायलाही तोच यायचा. पण त्याचं ते पायावर पाय टाकून बसणं हरिश्चंद्रांच्या डोळ्यांत खुपायचं.

"चार पोरांक टायपिंग शिकवता आणि समाजता सोताक इंजिनेर! काय येव नको. माका डोक्या आसा."

डोकं होतंच. कचेरीच्या जिन्यात लोक पान खाऊन कोपऱ्यात पिचकाऱ्या मारायचे. पाट्या लावल्या, दंड लावला, कुणी जुमानलं नाही. शेवटी हरिश्चंद्रांनी कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या तसबिरी बसवल्या आणि जिना स्वच्छ झाला. सगळ्या नोकरीतली ही त्यांची एकमेव कर्तबगारी, आणि आल्यागेल्याला ती चहाबरोबर गिळावी लागे. तर त्यांनी कुणकेश्वराच्या जत्रेतून आणलेला देवळाचा रंगीत स्टिकर काढला आणि काचेच्या त्या कोपऱ्यात थापला. वर स्पीकरची वायरही उपटली.

"आता ये बघूया!" ते म्हणाले. फुगा दिसेना, म्हणजे त्यांच्या लेखी तो मेला.

त्याच सुमाराला बापलेकांचं वाजलं. विनीतला चतुर्थीला रजा मिळाली नाही. कोकणातला मुलगा गणपतीला घरी येत नाही म्हणजे काय! हरिश्चंद्र फोनवर कडाडले, "देवाक येवक जमणा नाय, तर माकाव तोंड दाखवू नको!"

मस्कतला फोन लावायची सोय घरात नव्हती, तिकडूनच यायचा. पुढचा फोन नर्मदेने, म्हणजे विनीतच्या आईने घेतला आणि रडून रडून त्याची समजूत काढली. तो म्हणाला, "आये, मी रविवारी कॉम्प्युटरवर येतंय. बाबांनी घेतल्यानी तर बरां. नाय घेतल्यानी तर समाजलंय काय ता."

रविवारी नर्मदा केसांत अबोली माळून पडद्यासमोर बसली. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यानंतर त्याचा फोनही येईनासा झाला. विकी जोडून द्यायचा तेव्हा विनीत मधोमध मोठा दिसायचा, म्हणून ती मधोमधच डोळे लावून बसायची. जीव अगदी कासावीस झाला की कोपऱ्यातल्या कुणकेश्वराला हात जोडायची. "म्हाराजा, माझो झील माका एकदा दिसांदे."

"बस आता पूजा करीत," हरिश्चंद्र आरामखुर्चीतून नाक मुरडायचे. "पगार हातात खेळाक लागलो, आता आवस-बापूस कित्याक व्हये? झील तुझोच तो. असोच निघतलो, माका म्हायत होतां." नर्मदेचं जेवण तुटलं, पण त्यांच्या जिभेला त्या दिवसांत सण होता नुसता.

ऑक्टोबरच्या उकाड्यात काच तापायची. एका रविवारी नर्मदा हात जोडून बसली असतानाच स्टिकरचं टोक सुटलं. देव पडतोय म्हणून तिने घाईने हात पुढे केला, तर स्टिकर सगळाच हातात आला. त्याच्याखाली एक लहानशी चौकट होती. चौकटीत विनीतचा फोटो, आणि बाजूला फोन वाजत असल्याची खूण थरथरत होती.

"अहो! ह्यो बघा! खंय दाबू?"

हरिश्चंद्रांनी चष्मा चाचपला आणि दाबलं. विनीत मधोमध उमटला. दाढी वाढलेली, तोंड हलतंय, आवाज नाही.

"वायर जोडा ती," नर्मदा म्हणाली.

हरिश्चंद्र गुडघे टेकून टेबलाखाली शिरले.

"...दर रविवारी वाजवतंय, आये," वरून विनीतचा आवाज आला. "बाबा घेणत नाय, ता माका कळलां. आज शेवटचां म्हणान बसललंय."

वायर बसली होती. हरिश्चंद्र टेबलाखालीच राहिले.

तेवढ्यात 'टुंग' झालं. पिवळा फुगा वर आला. हरिश्चंद्र धडपडत उठले आणि फुगा झाकायला त्यांचा हात स्टिकरकडे गेला. नर्मदेने स्टिकर कपाळाला लावून पदराआड घेतला.

"हात लावू नकात," ती म्हणाली. "ह्यो फुगो निदान हाकललो तरी परत परत येता. माझो झील आज गेलो आसतो तर परत येवचो नाय होतो." तिने नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "तुमी वायच भायर जावन बसा."

हरिश्चंद्र पडवीत जाऊन बसले. आत मायलेकरं खूप वेळ बोलत होती, मध्येच हसतही होती. त्यांना कुणी हाक मारली नाही.