दहापैकी किती

क्रांतीने अकराव्या आढाव्यासमोर लाल रंग भरला आणि लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला. सांगलीच्या एका मेडिकल कॉलेजात तिचं कामच ते होतं. ॲक्युपंक्चरवर ठिकठिकाणी झालेले प्रयोग एकत्र करून कुणी आढावा लिहिला, की तो कितपत विश्वासाचा, हे तिने पारखायचं. धड असेल तर हिरवा, शंका असेल तर पिवळा आणि निकाल कुणाच्या तरी इच्छेकडे झुकला असेल तर लाल. या आढाव्यातल्या प्रयोगांत सुयांनी दुखणं कमी झालं होतं म्हणे. पण किती दुखतंय ते विचारायला सुया टोचणारा डॉक्टरच बसला होता, आणि आढावा लिहिणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ज्याने एवढी खटपट केली त्याच्या तोंडावर 'काही फरक नाही' असं कोण म्हणेल? एवढं साधं शहाणपण या विद्वानांना नसावं, याचं तिला हसू आलं.

आतल्या खोलीत तिची आई, रंगूबाई, भिंतीकडे तोंड करून पडली होती. कॅन्सर हाडांत उतरला होता. गेले दोन महिने क्रांती दर शनिवारी सांगलीहून कुंडलला या घरी येई, गाडी करून आईला मलकापूरला सुया टोचायला नेई आणि परतताना विचारी, "आई, दहापैकी किती दुखतंय?" पहिल्यांदा आई आठ म्हणाली. मग सहा. मग तीन. त्या तिनाच्या भरवशावर क्रांतीने डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, की मॉर्फिनची गोळी वाढवू नका, आई नुसती गुंगीत पडून राहते. घरात एवढी शिकलेली मुलगी असल्यावर डॉक्टर तरी काय बोलणार!

दीपमालावहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवला तरी त्या उभ्याच राहिल्या.

"वन्सं, एक बोलू? राग मानू नगा."

"बोला की, वहिनी."

"आत्याबाईंचं दुखनं रतीभर कमी न्हाई. गोधडीचा कोपरा चावून चावून पार चाळन झालीया त्याची. तुमाला सांगू नगं म्हनून माज्याकडनं शपथ घेतलीया त्यांनी."

क्रांतीला आधी रागच आला.

"मग मला तीन का सांगते ती?"

"पोरगी जिवाचं रान करती, म्हनत्यात. सुट्ट्या टाकून नेती-आनती. तिला न्हाई कसं म्हनायचं?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! सुयांना नेणारीही तीच, विचारणारीही तीच आणि आकडा कमी यावा म्हणून जीव टांगून बसलेलीही तीच. दोन महिने तिने स्वतःच्या आईला दुखत ठेवलं होतं आणि वर सुखाने झोपलीही होती. तिला स्वतःची शिसारी आली. चहा तसाच टाकून ती आत गेली आणि आईच्या उशाशी बसली.

"आई, गोळी आजच वाढवून आणते. पण आता खरं सांग. दहापैकी किती?"

आईने कष्टाने तोंड वळवलं. लेकीच्या भरल्या डोळ्यांकडे तिने बराच वेळ पाहिलं आणि गोधडीचा ओला कोपरा हळूच अंगाखाली सारला.

"रडतीस कशाला गं," ती म्हणाली. "किती म्हनू, सांग. तुला बरं वाटंल तेवढं म्हनते."